भाठ्यावरचा ससा आणि बर्फावरचा ससा

रायपूरच्या शंकर नगरातल्या एखाद्या शाळकरी मुलाला ससा काढायला सांगा. तो पांढरा ससा काढेल, लाल डोळ्यांचा, आणि बहुतेक वेळा त्याच्या पुढ्यात एक गाजरही ठेवेल. मुलाने जो पाहिला तोच काढला. बाजारात पिंजऱ्यात विकायला असतो तो, किंवा कुणाच्या तरी गच्चीवर पाळलेला असतो तो. पण हा प्राणी मूळचा आपल्याकडचा नाही. स्पेन-पोर्तुगालकडच्या रानात राहणाऱ्या रॅबिटला माणसाने शेकडो वर्षे पाळले, त्याच्या निरनिराळ्या जाती तयार केल्या, आणि त्यातली लाल डोळ्यांची पांढरी जात जगभरच्या पिंजऱ्यांत पोचली. भारतातल्या कुठल्याही रानात मूळचा रॅबिट नाही. आपल्या रानात आहे तो ससा तपकिरी, लांब कानांचा, लांब तंगड्यांचा. आणि तो शंकर नगरपासून फार लांब नाही. बीटीआय मैदानाकडून निघून मोवा, सड्डू मागे टाकले, विधानसभेच्या रस्त्याने बलौदाबाजारच्या दिशेला लागले, की जिथे घरे विरळ होतात आणि लाल मुरमाची उघडी जमीन दिसू लागते तिथून त्याचा मुलूख सुरू होतो.

खराखुरा पांढरा रानससाही जगात आहे. स्कॉटलंड, नॉर्वे-स्वीडन, सैबेरिया, आल्प्सच्या उंचीवर आणि जपानच्या होक्काइडो बेटावर राहणारा पहाडी ससा. तो वर्षातले काही महिनेच पांढरा असतो आणि उरलेले महिने आपल्या सशासारखाच मातकट. या दोघांची नावे जीवशास्त्राच्या वहीत एकाच पानावर येतात: दोघेही लेपस या एकाच कुळीचे. एक पंचेचाळीस अंशांच्या उन्हात जगतो, दुसरा महिनोन् महिने बर्फात. तरी जगण्याची युक्ती दोघांची एकच. जमिनीत शिरायचे नाही, जमिनीसारखे दिसायचे.

छत्तीसगढचा शेतकरी जमिनीची चार नावे सांगतो: कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा. कन्हार म्हणजे काळी, ओल धरून ठेवणारी. मटासी पिवळसर, भाताची. डोरसा या दोन्हींच्या मधली. भाठा म्हणजे उंचवट्यावरची, लाल मुरमाची, पातळ मातीची जमीन, जिथे पाणी ठरत नाही. नांगर तिच्यात जेमतेम शिरतो. म्हणून गावाने ती गुरांना सोडलेली असते. पावसाळ्यात तिथे कुसळी गवत, तरोटा, बोरीची झुडपे, मधूनच पळसाचे खुरटे रोप. हिवाळा सरता सरता सगळे वाळून गव्हाळ-तांबूस होते. छत्तीसगढला धानाचा कटोरा म्हणतात ते खरेच, पण सशाच्या नजरेने पाहिले तर या प्रदेशाचा गाभा भाठा आहे आणि भातशेती त्याच्या भोवतालची. जून-जुलैपासून बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी साठते, तिथे सशाला बूड टेकायला कोरडी जागा नसते. मग तो भाठ्यावर, धुऱ्यांवर आणि झुडपांच्या कडेला राहतो. धान कापले गेले की चित्र पालटते. इकडे उभ्या भातातच तिवरा फेकून पेरण्याची जुनी पद्धत आहे, तिला उतेरा म्हणतात. तिवरा म्हणजे पूर्व विदर्भातली लाखोळी. कापणी झाल्यावर त्या ओलीवर लाखोळीची कोवळी पोपटी पाने वर येतात, आणि भाठ्यावरचा ससा रात्री खाली उतरून त्यांवर जगू शकतो. दिवस भाठ्यावर, रात्र शेतात, अशी त्याची हिवाळ्यातली वाटणी.

भाठ्यावरून दिवसा चालताना ससा दिसत नाही. तो पायाखालून उठतो. हाताच्या अंतरावर येईपर्यंत तो हलत नाही, आणि उठला की दोन-तीन वळणे घेऊन झुडपाआड नाहीसा होतो. तो उठला ती जागा वाकून नीट पाहण्यासारखी असते. गवताच्या एका झुबक्याला टेकून, त्याच्या अंगाच्या लांबीएवढा एक उथळ खळगा. पुढे उथळ आणि मागे, ढुंगणाच्या बाजूला, जरा खोल, कारण मागचे लांब पाय तिथे दुमडून ठेवलेले असतात. आतले गवत दबून गुळगुळीत झालेले. नुकताच उठला असेल तर तळहात ठेवल्यावर ऊब लागते. एवढेच सशाचे घर. छप्पर नाही, दार नाही, मागची वाट नाही. कान पाठीवर आडवे टाकून, चारी पाय अंगाखाली घेऊन तो तिथे सबंध दिवस बसून असतो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आणि जरा वरच्या अंगाला असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळ्या बाजूंचे दिसते, डोक्यावरच्या आभाळासकट. नेमके नाकासमोरचे मात्र नीट दिसत नाही.

ससा पाहायला मिळाला नाही तरी त्याच्या खुणा वाचता येतात. धुऱ्यावरच्या मऊ धुळीत सकाळी चार ठशांचा पुंजका दिसतो: दोन छोटे ठसे एकामागे एक, आणि त्यांच्या पुढे दोन लांबट ठसे शेजारी शेजारी. लांबट ठसे मागच्या पायांचे. धावताना ससा पुढचे पाय टेकवतो आणि मागचे पाय त्यांच्या बाहेरून पुढे आणून टाकतो, म्हणून मागच्या पायांचे ठसे पुढे पडतात. माग काढताना नवखा माणूस इथे हटकून फसतो आणि ससा आला त्या दिशेला चालू लागतो. दुसरी खूण लेंड्यांची. शेळीच्या लेंड्या लांबट, काळसर. सशाच्या गोल, किंचित चपट्या, वाळलेल्या गवताच्या रंगाच्या. एखादी बोटांत चुरडली तर नुसता भुसा हाती येतो, वास जवळपास नाही.

त्या भुशाला वास का नाही, हे सांगण्यासारखे आहे. गवतातले पोषण काढून घेणे अवघड काम. गाय ते चार कप्प्यांच्या पोटात आणि रवंथ करून करते. सशाकडे तसे पोट नाही. त्याच्याकडे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक भलीमोठी पिशवी आहे, जिच्यात जिवाणू गवत आंबवतात. पण ही पिशवी पचनमार्गाच्या शेवटाकडे येते, म्हणजे जिवाणूंनी तयार केलेली जीवनसत्त्वे आणि प्रथिने शोषून घ्यायला पुढे पुरेशी वाट उरत नाही. सशाने यावर काढलेला तोडगा असा: दिवसा खळग्यात बसलेला असताना तो मऊ, ओलसर लेंड्या टाकतो आणि त्या जमिनीवर पडू न देता थेट तोंडाने घेऊन गिळतो. तेच अन्न दुसऱ्यांदा सगळ्या आतड्यातून जाते. मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ साली पाळीव रॅबिटमध्ये हे नोंदवले. आपल्याला रानात सापडतात त्या कोरड्या लेंड्या म्हणजे दोनदा पिळून झालेला चोथा. यातून सशाला एक मोठी मोकळीक मिळते. रात्री भराभर पोट भरून घ्यायचे आणि दिवसभर न हलता, चरायला बाहेर न पडता, त्याच अन्नावर दुसऱ्यांदा जेवायचे. ज्याला लपायला बीळ नाही त्याला दिवसा चरणे परवडणारे नसते.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. ससा हा उंदीर-घुशींच्या गणातला नाही. पुढचे दात सतत वाढणारे म्हणून पूर्वी त्याला कृंतकांतच घालत. पण सशाच्या वरच्या जबड्यात पुढच्या दोन मोठ्या दातांच्या मागे आणखी दोन बारीक दात लपलेले असतात, उंदराला ते नसतात. असे फरक मोजत १९१२ साली गिडली या अमेरिकी शास्त्रज्ञाने ससे, रॅबिट आणि हिमालयातले छोटे पिका यांचा वेगळा गण मांडला आणि तो आजवर टिकला आहे.

रॅबिट आणि ससा यांच्यातले खरे अंतर कळते ते जन्माच्या वेळी. रॅबिटची मादी बिळात, स्वतःच्या अंगावरचे केस उपटून केलेल्या गादीवर विते, आणि पिल्ले उघडी, डोळे मिटलेली, नुसते गुलाबी मांसाचे गोळे असतात. गर्भकाळ महिनाभराचा. सशाच्या कुळीत मादी साधारण सहा आठवडे पिल्ले पोटात बाळगते आणि उघड्यावर, गवतात विते. एका वेताला एक ते चार पिल्ले, अंगभर केस, डोळे उघडे, काही वेळातच पायांवर उभी. बिळाची सोय नाही म्हणून पिल्लाला जन्मतःच तयार होऊन यावे लागते. रॅबिटची गुणसूत्रे ४४, सशाची ४८. दोघांचा संकर होत नाही. युरोपातल्या तपकिरी सशाची मादी तर एकदा गर्भार असतानाच दुसऱ्यांदा गर्भ धरू शकते. पूर्वीपासून सांगितली जाणारी ही गोष्ट शास्त्रज्ञांनी २०१० साली सोनोग्राफी करून सिद्ध केली.

आता गोदावरीकडे येऊ, कारण या नदीने महाराष्ट्राच्या आणि छत्तीसगढच्या सशांची वाटणी केली आहे. भारतीय सशाला शास्त्रीय नाव मिळाले १८२३ साली, फ्रेडरिक क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाकडून, आणि ते नाव त्याच्या मानेवरच्या काळ्या डागावरून दिलेले आहे. पण रायपूरच्या भाठ्यावरचा ससा पाहा, त्याच्या मानेवर काळा डाग नसतो. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत काम केलेल्या एस. एच. प्रेटर यांनी भारतीय प्राण्यांवरच्या १९४८ सालच्या पुस्तकात ढोबळ सीमा दिली आहे ती अशी: गोदावरीच्या दक्षिणेला मानेवर काळा पट्टा आणि शेपटी वरून काळी असलेला ससा, उत्तरेला, थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, तांबूस शेपटीचा. दोघे एकाच जातीचे, उपजाती वेगळ्या. त्या हिशेबाने कोल्हापूर-सोलापूरच्या माळावरचा ससा काळ्या मानेचा, आणि नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, रायपूर इथला तांबड्या शेपटीचा. भोसल्यांच्या राजवटीपासून नागपूरहून रायपूरला येऊन राहिलेल्या मराठी घरांना इकडचा ससा अनोळखी वाटला नसेल, कारण तो त्यांच्याच गावचा. पुण्याहून बदलीवर आलेल्याने मात्र मान बारकाईने पाहावी. नदी ही काही भिंत नव्हे आणि सीमेच्या आसपास सरमिसळ असणारच, पण शेकडो मैलांच्या मुलखात मुख्य फरक रंगाचाच उरावा, हे मला महत्त्वाचे वाटते. सशाच्या अंगावर निसर्गाने सगळ्यांत बारीक हात फिरवला तो रंगावर.

ही गोष्ट बर्फावरच्या सशात सगळ्यांत उघड होते. लिनियसने १७५८ साली पहाडी सशाचे नाव ठेवले त्याचा अर्थ भित्रा असा आहे. हा ससा आपल्या सशापेक्षा अंगाने भरलेला, कानांनी आखूड, आणि त्याच्या मागच्या पंजांना इतके दाट केस की मऊ बर्फावर तो खचत नाही. स्कॉटलंडमध्ये तो हेदरच्या झुडपांनी भरलेल्या डोंगरउतारांवर राहतो, हिवाळ्यात गवत बर्फाखाली गेले की हेदर, विलो आणि बर्चच्या काड्या आणि साली कुरतडतो. शरद सरता सरता त्याचे तपकिरी केस गळू लागतात आणि पांढरे येतात. कानांची टोके मात्र बारा महिने काळी. वसंतात पुन्हा उलटे.

केस कधी बदलायचे हे ठरते दिवसाच्या लांबीवर. डोळ्यांत पडणारा उजेड, त्यावरून मेंदूतल्या एका लहानशा ग्रंथीत रात्रीपुरते स्रवणारे मेलॅटोनिन, आणि त्यावरून केसांच्या मुळांना मिळणारा हुकूम, असा हा क्रम आहे. थंडीने थोडाफार पुढेमागे होते, पण घड्याळ उजेडाचे. हजारो वर्षे हे घड्याळ बरोबर चालले, कारण दिवस अमुक इतका लहान झाला की बर्फ पडणार हे ठरलेले होते. आता दिवसाची लांबी तीच आहे आणि बर्फ मात्र उशिरा येतो, लवकर जातो. स्कॉटलंडच्या डोंगरांवर १९५०च्या दशकापासूनच्या नोंदी आणि अलीकडच्या नोंदी ताडून पाहणारा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. मधल्या काळात बर्फाचे दिवस वर्षाला सरासरी ३७ने घटले होते, पण सशांनी केस बदलण्याची वेळ पुढे ढकलली नव्हती. त्यामुळे तपकिरी डोंगरावर पांढरा ससा बसलेला आहे असे दिवस वर्षाला सुमारे ३५ने वाढले. गरुडाला आणि खोकडाला तो लांबून दिसतो. आणि त्याला स्वतःला हे ठाऊक नसते. तो हजारो वर्षांच्या शिकवणीप्रमाणे न हलता दबून बसतो.

यातून वाट निघू शकते का? कधी कधी निघते. १८५५ साली नॉर्वेहून काही पहाडी ससे अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर नेऊन सोडले होते. तिथे समुद्रामुळे हिवाळा सौम्य, बर्फ फार टिकत नाही. सुरुवातीला ते ससे हिवाळ्यात पांढरे होत. काही दशकांत पांढरे होणारे दिसेनासे झाले आणि सगळे बारमाही मातकट रंगाचे झाले. आयर्लंडमधला पहाडी ससाही हिवाळ्यात सहसा पांढरा होत नाही. २०१८ आणि २०१९ साली जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा यामागचा धागा सापडला. केसांचा रंग ठरवणाऱ्या अगूटी नावाच्या जनुकाचा एक पर्याय असा आहे की तो असला तर हिवाळ्यातला कोटही तपकिरीच राहतो. उत्तर अमेरिकेतल्या बर्फाळ सशाला तो पर्याय मिळाला काळ्या शेपटीच्या दुसऱ्या सशाकडून, पूर्वी कधीतरी झालेल्या संकरातून. फॅरोच्या सशांना तो मिळाला स्पेनमधल्या सशाकडून, हिमयुगात या दोन जाती एकमेकींना भेटल्या तेव्हा. म्हणजे उसना घेतलेला एक गुण हजारो वर्षे काही थोड्या सशांच्या अंगात पडून राहिला आणि बेटावर बर्फ नाही म्हटल्यावर कामी आला. ज्या कळपात हा पर्याय शिल्लक आहे तिथे निवड व्हायला वाव आहे. जिथे तो नाही तिथे नाही.

आपल्या सशाला ऋतूप्रमाणे कोट बदलावा लागत नाही. करडा, तपकिरी, मधूनच काळ्या टोकांचे केस, पोट पांढरे. मुरूम, वाळके गवत, झुडपाची जाळीदार सावली या तिन्हींत हा एकच रंग चालून जातो. त्याला लढायचे असते उन्हाशी. रायपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला वेगळे सांगायला नको. दुपारी भाठ्यावरचा मुरूम पायाला चटके देतो आणि या प्राण्याकडे बीळ नाही. तो झुडपाच्या पूर्वेला किंवा उत्तरेला, जिथे दुपारनंतर सावली असेल अशा जागी बसतो, आणि त्याला मदत करतात त्याचे कान. सशाचे कान ऐकण्यासाठी आहेतच, शिवाय त्यांत पातळ कातडीखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्या वाहिन्या रुंद करून ससा अंगातली उष्णता हवेत सोडतो, अरुंद करून ती राखतो. अमेरिकेच्या वाळवंटातल्या मोठ्या कानांच्या सशांवर हे मोजून पाहिलेले आहे. थंड मुलखातल्या प्राण्यांचे कान-शेपटी आखूड आणि उष्ण मुलखातल्यांचे लांब, हा नियम ॲलन या शास्त्रज्ञाने १८७७ साली मांडला. पहाडी ससा आणि आपला ससा शेजारी शेजारी ठेवले तर तो नियम पाठ करावा लागत नाही. पाण्यासाठीही आपला ससा तळ्याकाठी जाईलच असे नाही. कोवळ्या पानांतली ओल आणि पहाटेचे दव यावर त्याचे बरेचसे भागते.

सशाला कोण खात नाही? कोल्हा, खोकड, रानमांजर, लांडगा, बिबट्या, मुंगूस, वरून मोरघार, रात्री शृंगी घुबड, पिल्लांना घोरपडसुद्धा. अन्नसाखळीत त्याची जागा अशी आहे की तो गवताचे मांस करतो आणि ते दहा जणांना पुरवतो. त्याच्या संख्येवर या दहा जणांचा किती वचक असतो याचा एक मोठा प्रयोग निसर्गानेच स्वीडनमध्ये करून दाखवला. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या खोकडांत खरजेची साथ पसरली आणि ते झपाट्याने घटले. पाठोपाठ पहाडी सशांची संख्या वाढली, रानकोंबड्यांसारख्या पक्ष्यांचीही वाढली. साथ ओसरली, खोकडे परतली, ससे पुन्हा उतरले. स्कॉटलंडमध्ये सशांची संख्या काही वर्षांच्या अंतराने वर-खाली होते, तिथे आतड्यातल्या जंतांचाही त्यात हात असल्याचे दिसले आहे.

रायपूरभोवती हे गणित बिघडवणारा प्राणी म्हणजे मोकाट कुत्रा. शहराच्या कडेला कचरा आहे, ढाबे आहेत, म्हणून कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. कोल्ह्याचे पोट सशावर आणि उंदरावर अवलंबून असते. शिकार घटली की कोल्हेही घटतात आणि सशाला उसंत मिळते. कुत्र्याचे पोट ढाब्यावर भरते. ससा संपला तरी कुत्री कमी होत नाहीत, आणि टोळीने पाठलाग केला की खळग्यात बसून जीव वाचवणाऱ्या या प्राण्याची अक्षरशः ससेहोलपट होते. शहराच्या कडेच्या सशाला आज बंदुकीपेक्षा जास्त धोका यांचाच आहे असे माझे मत आहे.

शिकार मात्र पूर्वीपासून आहे. जाळी लावून हाकारा करणे, फासे मांडणे, हल्ली रात्री मोटारसायकलवरून झोताचा दिवा मारणे. दिव्याच्या झोतात ससा थबकतो, कारण धोका वाटला की थबकणे हाच त्याचा पहिला उपाय. बस्तरमध्ये पेरणीआधीच्या बीज पंडुम या सणाच्या वेळी सामूहिक पारध करण्याची परंपरा आहे, तिला देवाधर्माचे आणि गावाच्या एकीचे अंग आहे, आणि पैशासाठी होणाऱ्या शिकारीच्या पंक्तीला मी तिला बसवणार नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली मात्र सशाची शिकार गुन्हा आहे. स्कॉटलंडने आपल्या पहाडी सशाला असे संरक्षण दिले ते बरेच नंतर, १ मार्च २०२१पासून. तोवर तिथल्या शिकारीच्या माळांवर, ससे गोचिडी पसरवतात आणि त्यामुळे ग्राउझ पक्ष्यांना रोग होतो, या कारणाने ते हजारोंनी मारले जात.

भारतीय ससा जात म्हणून संकटात नाही. हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत तो आहे, आणि बारनवापाराच्या जंगलात रात्री रस्त्यावर तो हमखास आडवा जातो. चिंता त्याच्या जमिनीची आहे. महसुलाच्या कागदावर भाठा म्हणजे पडीक. केंद्र सरकार २०००पासून देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे प्रसिद्ध करते, त्यांत झुडपी जमिनीचा वेगळा वर्ग आहे आणि तो पडीकातच मोडतो. जे पडीक त्याचे काहीतरी करायला हवे, असे पुढचे पाऊल आपोआप पडते. २००५च्या सुमारास छत्तीसगढमध्ये डिझेलला पर्याय म्हणून रतनजोताची लागवड मोठ्या गाजावाजाने सुरू झाली, ती अशाच मोकळ्या जमिनींवर. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य झाले, रायपूर राजधानी झाली, शहर चारी दिशांनी फुगले आणि पलीकडे नवा रायपूर आखला गेला. शेतकरी धानाची जमीन सहजी सोडत नाही, आणि सोडूही नये. म्हणून खाणीला, कारखान्याला, प्लॉटिंगला पहिली नजर भाठ्यावर जाते. झाडे लावायची मोहीम निघाली तरी खड्डे तिथेच खणले जातात. हेतू चांगला असतो, पण उघड्या गवताळ जमिनीवर दाट झाडी उभी केली की ससा, खोकड, तित्तिर, टिटवी, धाविक या सगळ्यांचे घर मोडते. सोलापूर-पुण्याच्या माळरानांविषयी महाराष्ट्रातले अभ्यासक हेच सांगत आले आहेत. भाठ्याविषयी तेवढे बोलले जात नाही, ते बोलले जावे अशी माझी फार इच्छा आहे. बर्फ गेल्यावर पांढरा ससा जसा उघडा पडतो, तसाच कुसळी गवत गेल्यावर आपला तपकिरी ससा उघडा पडतो; आणि सिमेंटच्या रस्त्याशी मिळता रंग देणारे जनुक कुठल्याही सशाकडे उसने मिळण्यासारखे नाही.

रायपुरात राहणाऱ्याला ससा पाहायचा असेल तर धान कापून झाल्यानंतरचे दिवस चांगले. तिवरा वीतभर वाढलेला असतो, गवत वाळलेले असते, पहाटे दव असते. उजाडायच्या आधी भाठा आणि बांधी यांच्या सांध्यावर जाऊन धुऱ्याला पाठ लावून शांत बसावे. ससा खळग्याकडे परततो तो सरळ जात नाही: थोडा पुढे जातो, आल्या वाटेने मागे फिरतो, मग एकदम बाजूला लांब उडी घेऊन दुसरीकडे बसतो, म्हणजे वासावर येणाऱ्याचा माग तिथेच तुटतो. मोबाईलचा फ्लॅश वापरू नये, आणि उठलेल्या सशाच्या मागे धावू नये. दिवसा धावावे लागले तर त्याची ताकद खर्ची पडते, ती भरून काढायला तो चरायला बाहेर पडू शकत नाही, आणि उघड्यावर मात्र सापडतो.

आणि गवतात एकटे पिल्लू दिसले तर ते उचलून घरी आणू नये. दरवर्षी कुठे ना कुठे दयेपोटी अशी पिल्ले उचलली जातात. आई जवळ नाही म्हणजे ती मेली किंवा सोडून गेली असे नव्हे. सशाची आई मुद्दाम पिल्लांपासून दूर राहते, कारण तिच्या अंगाला वास आहे आणि पिल्लांच्या अंगाला तो नगण्य असतो. पिल्ले वेगवेगळ्या जागी दबून बसतात. युरोपातल्या सशांवरच्या अभ्यासात दिसले ते असे: मादी दिवसातून एकदाच, सूर्य मावळल्यानंतर, जन्माच्या जागी येते, पिल्ले तिथे गोळा होतात, काही मिनिटांत पिऊन घेतात आणि पुन्हा पांगतात. दूध घट्ट आणि चरबीचे असते, एका वेळचे चोवीस तास पुरते. घरी आणलेले पिल्लू गायीच्या दुधावर सहसा जगत नाही. ते होते तिथेच ठेवावे, कुत्रे सोबत असेल तर त्याला घेऊन लांब जावे, आणि संध्याकाळी त्या बाजूला फिरकू नये. पिल्लू जखमी असेल, अंगावर दातांच्या खुणा असतील, तर वनविभागाला कळवावे.